इस्टाकर कोण होता?



आजची गोष्ट रामघाटावर सुरू होते. काशीला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी माणसांना दशाश्वमेध माहीत असतो, मणिकर्णिका माहीत असते, आणि मग थेट परतीची गाडी. मणिकर्णिकेपासून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघालात की शिंद्यांचा घाट लागतो, नागपूरकर भोसल्यांचा लागतो, अमृतराव पेशव्यांनी देऊळ बांधलं तो गणेश घाट लागतो, आणि मग रामघाट. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्तीचा. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, तिथून वेदपठण ऐकू येतं, आणि गल्लीत कोणीतरी कोणाला तरी मराठीत हाक मारत असतं. ते मराठी ऐकायला मजा येते. वाक्य मराठी, क्रियापद मराठी, पण सूर बनारसी.

याच गल्लीत माझी आत्या राहते. तिच्या घरी एका दुपारी जयशंकर प्रसादांच्या कथांचं पुस्तक हाती लागलं. प्रसाद काशीचेच. १९३६ साली त्यांचा ‘इंद्रजाल’ हा संग्रह निघाला, त्यात ‘गुंडा’ नावाची कथा आहे. हिंदी शिकलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते. काळ १७८१, वॉरन हेस्टिंग्ज काशीत आलेला, राजा चेतसिंह आपल्याच शिवाल्याच्या वाड्यात कैद, आणि त्याला सोडवायला निघालेला नन्हकूसिंह नावाचा गुंडा. कथेत एक इंग्रज अधिकारी मारला जातो. त्याचं नाव इस्टाकर.

इस्टाकर! मी ते नाव दोनदा वाचलं. हे कुठलं इंग्रजी नाव? आत्या म्हणाली, “अरे, इथे स्टेशनला इस्टेशन म्हणतात आणि स्कूलला इस्कूल. पुढचा ‘इ’ काढून टाक.” काढला. उरला स्टाकर. म्हणजे स्टॉकर.

आणि मग तिनेच सांगितलं की शिवाल्यात साहेबांच्या कबरी आहेत आणि तिथे नावांची पाटी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटावरून नाव केली. शिवाला दक्षिणेला, म्हणजे प्रवाहाच्या उलट जावं लागतं. मणिकर्णिका, दशाश्वमेध, केदार, हरिश्चंद्र असे घाट मागे टाकत गेलं की डाव्या-उजव्या घाटांपेक्षा वेगळीच एक भिंत दिसते. पायऱ्यांच्या वर सरळ उभी, किल्ल्यासारखी. तो चेतसिंहाचा वाडा. नावाड्याला विचारलं, तर त्याने वल्ह्याने दिशा दाखवली आणि म्हणाला, “गोरन क कबर? ओहर हौ.”

पाटीवरचा मजकूर थोडक्यात असा. ही शिला उत्तर-पश्चिम प्रांत सरकारने बसवली आहे. कशासाठी, तर तीन लेफ्टनंटांची अखेरची विश्रांतीची जागा जतन व्हावी म्हणून. आर्च. स्कॉट, शिपायांची पहिली बटालियन. जेर. सिम्स, शिपायांची दुसरी बटालियन. जे. स्टॉकर, रेसिडेंटचा पहारा. १७ ऑगस्ट १७८१ रोजी या जागेजवळ कर्तव्य बजावताना मारले गेले.

प्रसादांचा इस्टाकर तिथे होता. तिसऱ्या क्रमांकावर, ‘जे.’ या एका अक्षरासह.

आता मंडळी, मी गेली काही वर्षं अशा पाट्या वाचतो आहे, आणि माझा एक नियम झालाय. नावाकडे शेवटी वळायचं. आधी पाटी कोणी लावली ते बघायचं, मग कधी लावली ते, मग पलटण, आणि सगळ्यात शेवटी नाव. कारण नाव हाच मजकुरातला सगळ्यात कच्चा भाग असतो. त्याचं स्पेलिंग फिरतं. एकाच नावाची दहा माणसं निघतात. पलटण आणि तारीख मात्र सहसा एकाच माणसाला धरून ठेवतात.

तर पाटी कोणी लावली? उत्तर-पश्चिम प्रांताच्या सरकारने. हा प्रांत १८३६ साली तयार झाला आणि १९०२ साली त्याचं नाव संयुक्त प्रांत झालं. म्हणजे शिला १८३६ च्या आधीची असूच शकत नाही. माणसं मेली १७८१ मध्ये. मधे किमान ५५ वर्षं गेली. ज्याने मजकूर लिहिला त्याने ती लढाई पाहिलेली नव्हती. त्याने कुठल्यातरी कागदावरून नावं उतरवली.

याचा पुरावा पाटीतच आहे. पाटी म्हणते १७ ऑगस्ट. पण हेस्टिंग्जने या सगळ्या प्रकरणाचं स्वतःचं निवेदन लिहिलं, ते कलकत्त्याला १७८२ साली छापलं गेलं. त्यात क्रम स्पष्ट आहे. तो १४ ऑगस्टला काशीत पोचला, १५ तारखेला पत्रापत्री झाली, आणि १६ च्या सकाळी राजाला अटक करायला माणसं पाठवली. त्याच दिवशी कत्तल झाली. मी १६ तारीख धरतो. ज्याचा जीव वाचला त्याने चार-सहा महिन्यांत लिहिलेली तारीख मला दोन पिढ्यांनंतरच्या दगडापेक्षा जवळची वाटते. तो माणूस स्वतःच्या बचावासाठी लिहीत होता हे मान्य, पण एका दिवसाने तारीख पुढे-मागे करून त्याला काय मिळणार होतं? आणि त्याच निवेदनात सिम्सचं स्पेलिंग वेगळं आहे. पाटीवर ‘वाय’, तिथे ‘आय’. तुम्ही फक्त पाटीचं स्पेलिंग घेऊन शोधायला बसलात तर हेस्टिंग्जच्या पुस्तकात हा माणूस तुम्हाला भेटणारच नाही.

आता त्या दिवशी झालं काय?

यासाठी थोडं मागे जायला हवं, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. १७७५ साली अवधच्या नवाबाने बनारसचं स्वामित्व कंपनीला दिलं. राजा चेतसिंह कंपनीला वर्षाला सुमारे साडेबावीस लाख रुपये देऊ लागला. ठरलेली रक्कम तो देत होता. पण कंपनीची तिजोरी रिकामी होत होती, आणि ती रिकामी करण्यात आपलाही हात होता. १७७५ पासून इंग्रज-मराठे युद्ध चालू होतं. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडली, ते आपण शाळेत शिकलो. दक्षिणेत १७८० मध्ये हैदर अली उतरला. फ्रान्सशी युद्ध जुंपलेलं होतंच. हेस्टिंग्जने १७७८ मध्ये चेतसिंहाकडे ठरलेल्या खंडणीवर आणखी पाच लाख मागितले. पुढच्या वर्षी पुन्हा पाच लाख. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि वर दोन हजार घोडेस्वार. मग दोनाचे एक हजार केले. राजाने कशीबशी पाचशे स्वार आणि पाचशे बंदूकवाले एवढी जुळवाजुळव केली. हेस्टिंग्जने ठरवलं की याला चाळीस-पन्नास लाखांचा दंड करायचा, आणि स्वतः काशीला आला. सोबत फौज जेमतेम. माधोदासाच्या बागेत मुक्काम केला.

त्या वेळी बनारसचा रेसिडेंट होता विल्यम मार्कहॅम. यॉर्कच्या आर्चबिशपचा मुलगा, वय एकवीसच्या आसपास. १६ तारखेला सकाळी तो आपला पहारा घेऊन शिवाल्याच्या वाड्यावर गेला. राजाने विरोध केला नाही. मग मेजर पॉफमच्या फौजेतल्या ग्रेनेडियर शिपायांच्या दोन कंपन्या आल्या, आणि राजावर पहारा बसला. मार्कहॅम परत हेस्टिंग्जकडे गेला.

पॉफम हे नाव लक्षात ठेवा. ऑगस्ट १७८० मध्ये, म्हणजे बरोब्बर वर्षापूर्वी, याच पॉफमच्या माणसांनी रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. शिंद्यांच्या हातून. महादजींना ती सल किती लागली असेल याची कल्पना करा. ज्या किल्ल्याला अजिंक्य म्हणत, तो एका रात्रीत गेला. पाटीवर नुसतं ‘पहिली बटालियन’, ‘दुसरी बटालियन’ असं लिहिलंय. कुठल्या रेजिमेंटची ते लिहिलेलं नाही. हेस्टिंग्जचं निवेदन बाजूला ठेवलं की माझ्या मते उलगडा होतो. या पॉफमच्या हाताखालच्या बटालियनी. स्कॉट आणि सिम्स हे त्या दोन कंपन्यांचे अधिकारी, आणि स्टॉकर रेसिडेंटच्या पहाऱ्याचा. म्हणून पाटीवर पहिले दोघे बटालियनसह आहेत आणि तिसऱ्यापुढे वेगळीच नोंद आहे.

आणि म्हणूनच, असं मला वाटतं, प्रसादांच्या कथेत तिघांपैकी इस्टाकरच आला. पलटणी येत-जात असतात. रेसिडेंटच्या पहाऱ्यावरचा साहेब मात्र काशीतलाच, रोज दिसणारा. गावाला माहीत असलेला माणूस गोष्टीत शिरतो. ही माझी अटकळ आहे, तिला अटकळच समजा.

पहारा बसला, पण एक गोष्ट राहून गेली होती. शिपायांकडे दारूगोळा नव्हता. काडतुसंच आणलेली नव्हती! हे स्वतः हेस्टिंग्ज लिहितो. वाड्यात राजा कैद आहे ही बातमी नदीपलीकडे रामनगरला पोचली आणि हत्यारबंद माणसं गंगा ओलांडून येऊ लागली. दारूगोळा घेऊन आणखी एक कंपनी पाठवली, तर जमावाने तिला वाड्यात शिरू दिलं नाही. आत चेतराम नावाचा एक चोपदार राजाशी उर्मट बोलला, अशी हकिकत आहे. प्रसादांनी ती कथेत घेतलीय. मग ठिणगी पडली. रिकाम्या बंदुका घेतलेले शिपाई एका बंद चौकात, आणि भोवती तलवारी. तिन्ही अधिकाऱ्यांची प्रेतं नंतर एकमेकांपासून थोड्याच अंतरावर सापडली.

गोंधळात राजा खिडकीतून उतरला. पागोटी एकमेकांना बांधून केलेल्या दोरावरून खाली, नावेत, आणि पलीकडे रामनगरला. ऑगस्टमध्ये गंगा कशी असते ते काशीच्या माणसाला सांगायला नको. पायऱ्या बुडालेल्या असतात, पाणी भिंतीला लागतं. मी गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, तरीही खाली नावेत बसून त्या खिडक्यांकडे बघताना पोटात गोळा आला.

पुढचं झटपट सांगतो. चार दिवसांनी रामनगरच्या अरुंद गल्ल्यांत इंग्रजांची आणखी एक तुकडी कापली गेली. २१ ऑगस्टच्या रात्री हेस्टिंग्ज काशीतून चुनारला पळाला. घाईत घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर चढवलं, अशी त्याची थट्टा बनारसमध्ये अजून करतात. आत्याला ती तोंडपाठ आहे. पुढे कंपनीची कुमक आली, पॉफमने विजयगड घेतला, चेतसिंह परागंदा झाला. कुठे गेला? ग्वाल्हेरला, महादजी शिंद्यांच्या आश्रयाला. ज्या पॉफमने शिंद्यांचा किल्ला घेतला त्याच्याच फौजेने ज्याला हाकललं, तो राजा शिंद्यांकडेच गेला. १८१० मध्ये तो तिथेच वारला. आणि हेस्टिंग्जवर इंग्लंडच्या पार्लमेंटात जो महाभियोग चालला, त्यात बनारसचं हे प्रकरण एक मुख्य आरोप होता. खटला १७८८ ला उभा राहिला आणि १७९५ ला तो निर्दोष सुटला.

पाटीवर ‘कर्तव्य बजावताना’ असे शब्द आहेत. ते कर्तव्य नेमकं काय होतं, यावर लंडनमध्ये सात वर्षं वाद चालला. पाटीवर एवढी जागा कुठली असायला!

तर स्टॉकर सापडला का? मंडळी, कंपनीचा गोरा अधिकारी शोधणं हे तसं सोपं काम आहे. बंगाल फौजेच्या अधिकाऱ्यांची हॉडसनने केलेली चार खंडांची यादी आहे, १७५८ ते १८३४ या काळाची. १९२७ पासून ती छापली गेली. त्याआधी १८३८ ची डॉडवेल आणि माइल्सची यादी आहे. कबरींवरच्या मजकुराची ब्लंटने केलेली संयुक्त प्रांताची यादी १९११ ची. कॅडेट म्हणून कधी आला, बढती कधी मिळाली, कधी मेला, याच्या नोंदी लंडनला इंडिया ऑफिसच्या दप्तरात ठेवलेल्या आहेत. कारण साधं आहे. पगार कंपनी देत होती, मेल्यावर त्याची मालमत्ता नातेवाइकांकडे पाठवायची होती, त्यासाठी कागद लागतो. माणूस महत्त्वाचा होता म्हणून कागद टिकला, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे हिशेब पुरा करायचा होता म्हणून टिकला.

त्या संध्याकाळी रामघाटावर परत आलो. आत्याला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने एकच विचारलं, “आणि शिपाई? ते किती गेले?”

दीड-दोनशेच्या घरात. मेलेले आणि जखमी धरून.

“त्यांची नावं?”

पाटीवर तीन नावं आहेत. हेस्टिंग्जच्या निवेदनात शिपायांची संख्या आहे. नावं नाहीत. आत्याने भाजी निवडता निवडता माझ्या सगळ्या दिवसाच्या कामात मोठं भोक पाडलं. मी इस्टाकरच्या मागे होतो, आणि त्याच चौकात, त्याच्याच बाजूने, रिकामी बंदूक घेऊन उभा असलेला माणूस मला दिसलाच नव्हता.

मग मी त्या माणसाच्या मागे लागलो. नाव सापडत नसेल तर काय सापडतं?

पहिलं म्हणजे, गाव सापडतं. नेमकं गाव नाही, पण मुलूख. त्या काळी बंगाल फौजेची भरती मुख्यतः अवध, बनारस आणि भोजपूर या भागांतून होत असे. ब्राह्मण, राजपूत, भूमिहार. यांनाच पुढे पुरबिये म्हणू लागले. डर्क कॉल्फ आणि सीमा अलावी या दोघांनी या भरतीवर चांगलं काम केलंय. म्हणजे शिवाल्याच्या चौकात जे शिपाई मेले, ते बहुतेक याच मुलखातले होते. चेतसिंह स्वतः भूमिहार. मारणारे आणि मरणारे एकाच बोलीत ओरडत असणार. पाटी वाचून वाटतं की इथे इंग्रज आणि काशीकर लढले. मोजून बघितलं तर तीन इंग्रज आणि बाकी सगळे इथलेच, दोन्ही बाजूंनी. दगडावर मात्र परदेशातून आलेले तिघेच राहिले, ज्यांना इथे ओळखणारं कोणी नव्हतं. आणि ज्यांची गावं दोन-चार दिवसांच्या वाटेवर होती त्यांच्यासाठी ओळ नाही.

दुसरं, नाव का सापडत नाही याचं कारण सापडतं. शिपायाची नोंद नव्हती असं नाही. पलटणीत प्रत्येक शिपायाची नोंद असे. नाव, जात, गाव, उंची. पण ती वही पलटणीजवळ राही, लंडनला जात नसे. आणि बंगालच्या पलटणींचं काय झालं? १७८१ मध्ये फेररचना झाली, १७९६ मध्ये पुन्हा, १८२४ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी क्रमांक बदलले. आणि १८५७ मध्ये तर बहुतेक पलटणीच उठल्या. पलटण गेली, तिची दप्तरं गेली. उत्तर-पश्चिम प्रांताच्या कारकुनाने शिला बसवायच्या वेळी मनात आणलं असतं, तरी कुठल्या वहीतून उतरवणार होता?

आपल्याकडे उलट उदाहरण आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे. कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ची लढाई, २६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी. तिथे शिपायांची नावं कोरलेली आहेत. का? सव्वातीन वर्षांत काम सुरू झालं, मुंबईची पलटण जाग्यावर होती, वही हाताशी होती, आणि कंपनीला ही लढाई मिरवायची होती. शिवाल्याची लढाई मिरवण्यासारखी नव्हती. काडतुसं विसरल्याची गोष्ट कोण दगडात कोरेल? कोरेगावच्या मृतांच्या नावांत ‘नाक’ असा शेवट असलेली बावीस नावं आहेत. महार शिपायांची. त्या एका प्रत्ययामुळे शंभर वर्षांनंतरही ती माणसं ओळखता आली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा वाचायला नावं होती. नावं नसती आणि नुसती संख्या असती तर तिथे जाऊन काय वाचलं असतं?

आणि कोरेगावच्या पलटणीचा प्रवास बघा, म्हणजे मी क्रमांकाबद्दल इतकं का बोलतो ते कळेल. १८१८ मध्ये ती मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. पुढे दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट. १९०३ च्या फेररचनेत १०२ वी ग्रेनेडियर्स. १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. चार नावं, पलटण एकच. तुमच्या घरातल्या जुन्या कागदावर यातलं कुठलंही एक असू शकतं.

तुम्ही म्हणाल, १७८१ ची गोष्ट जुनी, पुढे सुधारणा झाली असेल. झाली, पण ऐका. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, आपली माणसं हजारोंनी गेली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली आणि पुढे कैदेत किती तरी मेले. १९२९ मध्ये बसऱ्याला त्या रणांगणाचं स्मारक उघडलं. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. तिथल्या दगडावर इंग्रज शिपायाचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. तेव्हा तर वह्या होत्या, यादी होती, सगळं होतं. नावं न कोरण्याचा निर्णय घेतला गेला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःचाच अहवाल काढून कबूल केलं की ४५ ते ५४ हजार माणसांचं, त्यांत मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी, स्मरण असमान पद्धतीने झालं. आणि किमान १ लाख १६ हजार माणसांचं नावाने झालंच नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल.

आपल्या कोकणात, साताऱ्याकडे, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या छोट्या शिला तुम्ही पाहिल्या असतील. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. शिवाल्यापासून बसऱ्यापर्यंत आणि तिथून आपल्या गावच्या चावडीपर्यंत तोच हिशेब.

पण पहिल्या महायुद्धातला शिपाई शोधता येतो, हे मुद्दाम सांगतो, कारण अनेक जण मला पणजोबांबद्दल विचारतात. दगडावर आकडा असला तरी आयोगाच्या नोंदवहीत नाव असतं, आणि ती आता संगणकावर फुकट बघता येते. त्यात शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. अडचण स्पेलिंगची. मराठी गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं. म्हणून गावाच्या नावाने शोधू नका. जिल्ह्याने शोधा, पलटणीने गाळा, मग गावं मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने. डोळ्यांना जे अनोळखी दिसतं ते कानाला ओळखू येतं. इस्टाकर जसा आला ना, तसंच. आणि एकाच नावाचे चार शिपाई निघाले तर घाई करून आपला एक निवडू नका. वडिलांचं नाव जुळलं नाही तर थांबा.

पुढच्या फेरीत पुन्हा शिवाल्याला गेलो तेव्हा आत्याही आली. गुडघे दुखतात म्हणून नावेतून उतरली नाही, खालूनच किल्ल्याकडे बघत बसली. नावाडी तोच होता. मी त्याला विचारलं, इथे शिपाईही मेले, त्यांचं काही आहे का कुठे? त्याने पाण्याकडे हात केला. काशीत मेलेल्या हिंदूचं प्रेत कुठे जातं, हे मलाही माहीत होतं, उगाच विचारलं.

आता एक विनंती. तुमच्या गावात अशी शिला असेल तर तिचा फोटो काढा, पण नुसत्या नावांचा काढू नका. चौकट, खालची ओळ, कोणी बसवली, कुठल्या साली, बाजूला मराठी किंवा मोडी मजकूर आहे का, हे सगळं त्यात येऊ द्या. अक्षरं दिसत नसतील तर त्यांवर खडू घासू नका, चुना लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा जा, आपोआप वाचता येईल. आणि घरात पणजोबांचं पदक असेल तर त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बऱ्याच घरांत ते पदक देव्हाऱ्यात असतं आणि कड कधी कोणी वाचलेलीच नसते.

पुढच्या भागात कुतला जाऊ. नमस्कार.